संगणक, बिनतारी जाळे आणि दूरचित्रवाणी-संच

विषयप्रवेश

मार्च २०२० मध्ये देशातील शाळा बंद झाल्या, तेव्हा कित्येक घरांत एक विलक्षण दृश्य दिसू लागले. मुले तळहाताएवढ्या मोबाइलच्या काचेवर दृष्टी खिळवून धडे ऐकत बसत आणि त्याच खोलीत, चार हातांच्या अंतरावर, एक मीटरहून अधिक कर्णाचा दूरचित्रवाणी-संच निष्क्रिय उभा असे. संच सुस्थितीत होता, संगणकही होता, कित्येकदा बिनतारी जाळेही होते. नव्हते ते एवढेच, की या तिघांचा परस्परांशी संबंध कसा जुळवावा याचे ज्ञान.

हे ज्ञान अवघड नाही. परंतु ते केवळ "ही तार येथे घाला, हे बटण दाबा" अशा सूचनांच्या रूपाने दिले असता फार दिवस पुरत नाही. कारण संच बदलतो, बटणांची नावे बदलतात आणि सूचना निरुपयोगी ठरतात. तत्त्व मात्र बदलत नाही. यास्तव प्रस्तुत पाठात प्रथम तत्त्व आणि मागाहून कृती, असा क्रम ठेविला आहे. वाचकाने जवळ कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे. मधून मधून थोडे गणित करावे लागेल.

एका चित्रात किती अंक असतात?

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी चित्र ६२५ आडव्या रेषांत विभागलेले असे आणि त्यांपैकी सुमारे ५७६ रेषाच प्रत्यक्ष पडद्यावर चित्र रेखाटीत. दर सेकंदास अशी २५ संपूर्ण चित्रे प्रक्षेपित होत. रेषेतील उजेड आणि अंधार यांचा चढउतार विद्युत्-दाबाच्या चढउताराने दाखविला जाई.

आजच्या उच्च-विभेदन संचात रेषांऐवजी चित्रबिंदू असतात. पडद्याच्या रुंदीत १,९२० आणि उंचीत १,०८० बिंदू. म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू होत. प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने सिद्ध होतो. प्रत्येक प्रकाशाची तीव्रता ० ते २५५ यांमधील एका संख्येने सांगितली जाते व त्या संख्येस द्विमान पद्धतीत आठ अंक लागतात. या अंकास बिट म्हणतात. अर्थात् एका बिंदूस २४ बिट लागतात.

संगणक सामान्यतः सेकंदास ६० चित्रे पाठवितो. आता गुणाकार करा : २०,७३,६०० × २४ × ६०. उत्तर येते २,९८,५९,८४,०००. म्हणजे दर सेकंदास जवळजवळ तीन अब्ज बिट! संगणक दूरचित्रवाणीस जोडणे याचा खरा अर्थ हा, की हा तीन अब्ज अंकांचा प्रवाह एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सुखरूप नेऊन पोहोचविणे. तो नेण्याचे मार्ग दोन आहेत : तारेचा आणि बिनतारी. पुढील सर्व विवेचन या एका संख्येभोवती फिरते. म्हणून ती लक्षात ठेवावी.

तारेचा मार्ग

संगणकाचे चित्र पडद्याकडे नेणारी तार १९८७ पासून प्रचारात होती. ती १५ खिळ्यांची व्हीजीए जोडणी होय. तीत रंगांची तीव्रता विद्युत्-दाबाच्या रूपाने वाहत असे. साहजिकच तार लांब असली, की चित्र पुसट होई. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय ही नवी जोडणी जाहीर झाली. तीत चित्र आणि ध्वनी ही दोन्ही अंकरूपाने एकाच तारेतून जातात. आज संगणकास आणि दूरचित्रवाणीस जोडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे.

या तारेच्या टोकाशी १९ खिळे असतात. त्यांचे कार्य समजले, म्हणजे पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात. पहिल्या बारा खिळ्यांत चार गट आहेत. तीन गट रंगांचे अंक वाहतात व चौथा गट ताल धरतो. म्हणजे अंक केव्हा मोजावयाचा हे सांगतो. प्रत्येक गटात दोन तारा जोडीने असतात व त्यांतून परस्परविरुद्ध स्पंद धावतात. बाहेरून विद्युतीय गोंगाट आला, तर तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो; दूरचित्रवाणी त्या दोहोंतील अंतर तेवढे मोजते, त्यामुळे गोंगाट वजा होऊन जातो. तेराव्या खिळ्यामधून एका उपकरणाच्या रिमोटने दुसरे उपकरण चालविता येते. पंधरावा व सोळावा हे खिळे संभाषणाचे आहेत. अठराव्यावर संगणक ५ व्होल्टचा दाब देतो आणि एकोणिसाव्यावरून दूरचित्रवाणी "मी जोडली गेले" अशी खूण करते.

ते संभाषण कसे चालते, हे पाहण्यासारखे आहे. तार जोडताच संगणक दूरचित्रवाणीची माहितीपत्रिका वाचतो. ही पत्रिका संचातच कोरलेली असून तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. संचाचे कुलनाम, त्याची मापे, त्यास पेलणारी चित्रमाने आणि त्यास सर्वाधिक मानवणारे चित्रमान एवढा मजकूर तीत असतो. वधूवरांच्या पत्रिका जुळाव्यात, त्याप्रमाणे हे जुळले, की चित्र सुरू होते. पत्रिका वाचता आली नाही, तर संगणक सावधपणे हलके चित्र पाठवितो किंवा मुळीच पाठवीत नाही. "तार जोडली, पण पडदा काळाच" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. तार काढून पुन्हा घट्ट बसविणे आणि दोन्ही यंत्रे बंद करून नव्याने सुरू करणे हा उपाय म्हणूनच लागू पडतो.

कृती अशी : प्रथम दोन्ही यंत्रे बंद करावीत. तार दोन्हीकडे बसवावी. दूरचित्रवाणी सुरू करून रिमोटने ज्या छिद्रात तार घातली असेल, तेच एचडीएमआय छिद्र निवडावे. मग संगणक सुरू करावा. विंडोज प्रणालीत विंडोज-चिन्हाची कळ आणि 'पी' ही कळ एकत्र दाबली असता चार पर्याय येतात : केवळ संगणकाचा पडदा, दोहोंवर एकच चित्र, दोहोंचा मिळून एक मोठा पडदा, केवळ दूरचित्रवाणीचा पडदा. शिकविण्यासाठी दुसरा पर्याय सोयीचा, चित्रपटासाठी चौथा. ध्वनी संगणकातूनच येत राहिला, तर ध्वनीच्या चिन्हावर जाऊन दूरचित्रवाणीचे नाव निवडावे लागते.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. सोन्याचा मुलामा दिलेली महाग तार घेतल्याने रंग अधिक खुलतात, अशी समजूत विक्रेते पसरवितात. अंकरूप चित्राच्या बाबतीत ती निराधार आहे. अंक शून्य असतो किंवा एक असतो. तो बरोबर पोहोचला, तर स्वस्त तारेतून आलेले चित्र आणि महाग तारेतून आलेले चित्र बिंदूबिंदूने सारखेच असते. तार निकृष्ट किंवा फार लांब असली, तर रंग फिके होत नाहीत. चित्रात चमकते ठिपके उडू लागतात किंवा चित्र क्षणाक्षणाला नाहीसे होते. चार-पाच मीटरपर्यंत साध्या, धड तारेने सहसा काम भागते. मात्र ३,८४० × २,१६० बिंदूंच्या संचास चौपट अंक न्यावयाचे असतात. तेथे तार त्या वेगास योग्य आहे की नाही, हे पाहूनच घ्यावी. मुलामा पाहून नव्हे, तर तारेवर लिहिलेला वेग पाहून पैसे खर्च करावेत.

चित्राच्या कडा का कापल्या जातात?

नवी जोडणी केल्यावर पुष्कळांस असे आढळते, की संगणकाच्या पडद्याची खालची पट्टी आणि कोपरे दिसतच नाहीत. हा दोष संगणकाचा नव्हे. ती काचनळीच्या काळातील संचांची जुनी सवय आहे. त्या नळीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून चित्र थोडे वाढवून कडा चौकटीआड लपविण्याची प्रथा पडली. नळ्या गेल्या, प्रथा कित्येक संचांत राहिली. संचाच्या चित्रविषयक यादीत आकार ठरविण्याचा जो विभाग असतो, त्यात "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट", "फुल पिक्सेल" यांपैकी एखादे नाव सापडेल. ते निवडताच संगणकाचा एक बिंदू आणि पडद्याचा एक बिंदू यांची नेमकी जोडी लागते. कडा परत येतात आणि अक्षरांची धारही सुधारते.

मागच्या बाकावरचा विद्यार्थी

तार जोडली, चित्र आले, म्हणजे कार्य संपले असे नाही. चित्र ज्यासाठी आणले, त्यास ते दिसले पाहिजे.

निकोप डोळ्यास सहा मीटरवरून जे सर्वांत लहान अक्षर ओळखता येते, त्याची उंची सुमारे ९ मिलिमीटर असते. हे माप नेत्रवैद्याच्या तक्त्यावरील सुट्या, ठसठशीत अक्षरांचे आहे. देवनागरीत वेलांट्या, उकार, अनुस्वार व जोडाक्षरे असतात. सलग वाचन सुखाने व्हावयाचे, तर दुपटीहून मोठे, म्हणजे निदान दोन सेंटिमीटर उंचीचे अक्षर धरले पाहिजे. आता १४ इंची संगणकाचा पडदा सुमारे १७.४ सेंटिमीटर उंच असतो. ओळींमधील अंतर अक्षराइतकेच धरले, तर त्यावर अशा चार ओळी मावतात. ४३ इंची दूरचित्रवाणीचा पडदा सुमारे ५३.५ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर तेरा ओळी मावतात. चार ओळींत गणिताचे एक उदाहरणही पुरे होत नाही; तेरा ओळींत ते मांडून सोडविता येते. वर्गातील मागच्या बाकावर बसलेल्या मुलास धडा मिळतो की केवळ उजेड मिळतो, हे या फरकावर अवलंबून आहे.

परंतु याच गणितातून दुसरी गोष्टही निघते. दूरचित्रवाणी संगणकाच्या पडद्याहून तिप्पट मोठी आहे. म्हणजे संगणकावर जे अक्षर ६० सेंटिमीटरवरून वाचावयाचे, तेच दूरचित्रवाणीवर जेमतेम १८० सेंटिमीटरवरून तितक्याच सोयीने वाचता येते. सहा मीटरवर बसलेल्या मुलासाठी अक्षर संगणकातच आणखी तिपटी-चौपटीने वाढविले पाहिजे. जोडणी करून देणाऱ्याने एकदा मागच्या बाकावर जाऊन स्वतः वाचून पाहावे. याहून उत्तम परीक्षा नाही.

तीन अब्जांचे पन्नास लक्ष कसे होतात?

आता बिनतारी मार्गाकडे वळू. येथे प्रारंभीच अडसर उभा राहतो. १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे पहिले मानक ठरले, तेव्हा त्याचा वेग सेकंदास १ ते २ मेगाबिट, म्हणजे १० ते २० लक्ष बिट होता. १९९९ मध्ये तो ११ मेगाबिट व २००३ मध्ये ५४ मेगाबिट झाला. २००९ चे मानक कमाल ६०० मेगाबिटांपर्यंत गेले. पुढील मानकांत वेग आणखी वाढला. पण कागदावरचा वेग आणि भिंतीपलीकडच्या खोलीतील वेग यांत फार अंतर असते. तीन अब्ज बिटांचा ओघ अशा वाटेने जावा कसा?

उत्तर असे, की तो ओघ तसाच जात नाही. आधी त्याचा संक्षेप केला जातो. या संक्षेपविद्येच्या मुळाशी जे गणित आहे, त्यात भारतीयांचा मोठा वाटा आहे. बंगळूर येथे १९४० मध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी अमेरिकेत अध्यापन करीत असताना एका नव्या रूपांतरपद्धतीची कल्पना मांडली. १९७२ मध्ये त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदानासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. तरीही काम थांबले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासमवेत त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. आज छायाचित्र असो वा चलच्चित्र, बहुतेक सर्व संक्षेपपद्धती त्या निबंधातील तत्त्वावर उभ्या आहेत.

ते तत्त्व असे. चित्राचे आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच असे लहान चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनात ६४ संख्या असतात. त्यांच्या जागी दुसऱ्या ६४ संख्या मांडावयाच्या : पहिली संख्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगते, पुढच्या संख्या त्यातील संथ चढउतार सांगतात आणि अखेरच्या संख्या अगदी बारीक, जलद चढउतार सांगतात. आकाशाचा, भिंतीचा किंवा गालाचा तुकडा घेतला, तर अखेरच्या बहुतेक संख्या शून्याजवळ असतात. त्या गाळल्या, तरी डोळ्यास उणीव भासत नाही. शिवाय उजेडातील फरक डोळा जितका बारकाईने टिपतो, तितका रंगातील टिपत नाही. म्हणून रंगाचे अंक कमी पाठविले तरी चालतात. तिसरी काटकसर काळाची आहे. वृत्तनिवेदकाच्या पाठीमागची भिंत सेकंदास पंचवीस वेळा नव्याने पाठविण्याचे कारण नाही. जे हलले, तेवढेच कळविले की पुरे.

सेकंदास २५ चित्रांचा बोलपट घेतला, तर त्याचे असंक्षिप्त अंक सेकंदास १,२४,४१,६०,००० होतात. संक्षेपानंतर त्याच उच्च-विभेदन बोलपटास सुमारे ५० लक्ष, म्हणजे ५ मेगाबिट पुरतात. ओझे जवळजवळ अडीचशेपट हलके झाले! वाचकाने एखादी चित्रफीत पाहताना मुसळधार पावसाचे किंवा खळाळत्या पाण्याचे दृश्य बारकाईने न्याहाळावे. तेथे सर्वच हलत असल्याने काटकसर जमत नाही आणि कधीकधी ते लहान चौकोन डोळ्यांना उघड दिसतात.

लहरींचा स्वभाव

बिनतारी जाळे मुख्यतः दोन लहरीपट्ट्यांत चालते : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, दुसरीची सुमारे ६ सेंटिमीटर. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मर्यादित शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला झाला. येथे जगदीशचंद्र बसूंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून त्या भिंतीपलीकडे पाठविल्या आणि दूरची घंटा वाजवून दाखविली.

लांब लहर भिंतीतून अधिक सुलभतेने जाते. आखूड लहर लवकर क्षीण होते, पण तिच्या पट्ट्यात जागा अधिक असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणारे मार्ग तीनच आहेत : पहिला, सहावा आणि अकरावा. दाट वस्तीच्या इमारतीत दहा घरांची जाळी याच तीन वाटांवर गर्दी करतात. अन्न तापविणारी सूक्ष्मलहरी भट्टीही याच पट्ट्यात काम करते. म्हणून संच आणि राउटर एकाच खोलीत असतील, तर ५ गिगाहर्ट्झ निवडावा. मध्ये दोन भिंती असतील, तर २.४ गिगाहर्ट्झ.

एक सोपा प्रयोग करा. मोबाइल बिनतारी जाळ्यास जोडून त्याच्या खुणेच्या रेघा पाहा. मग तो पोलादी डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा आणि दुसऱ्या मोबाइलवरून इंटरनेटच्या मार्गाने त्यास हाक द्या. बहुधा हाक पोहोचणार नाही किंवा अडखळत पोहोचेल. धातू लहरींस परत फिरवितो. आता विचार करा : आपला राउटर लोखंडी कपाटामागे, पाण्याच्या टाकीशेजारी किंवा खुद्द दूरचित्रवाणीच्या पाठीशी तर ठेवलेला नाही ना? तो उंच, मोकळ्या आणि घराच्या मध्याजवळच्या जागी ठेवला, तर एक पैसाही खर्च न करता जाळे सुधारते.

घरचे जाळे आणि बाहेरचे जाळे

पुष्कळ लोक बिनतारी जाळे म्हणजेच इंटरनेट असे समजतात. हा भेद स्पष्ट झाला, तर बराच पैसा वाचतो. राउटर ही घरातील चावडी आहे. तेथून गावाबाहेर जाणारा एक रस्ता असतो. पण गावातल्या गावात एका घरातून दुसऱ्या घरी जावयास त्या रस्त्याची गरज नसते. संगणकात साठविलेला धडा राउटरमार्गे दूरचित्रवाणीवर दाखविताना बाहेरच्या जाळ्याचा एक बिटही खर्च होत नाही.

बिनतारी पद्धती तीन आहेत. पहिलीत दूरचित्रवाणी संगणकाचा आरसा बनते. २०१२ मध्ये आलेली मिराकास्ट ही पद्धती या प्रकारची असून तीत संगणक आणि संच राउटरवाचूनही थेट बोलू शकतात. विंडोज-चिन्हाची कळ आणि 'के' ही कळ एकत्र दाबली असता जवळच्या अशा संचांची यादी येते. हीत पडद्यावर जे असेल ते सर्व दिसते. परंतु संगणकास प्रत्येक चित्राचा तत्क्षणी संक्षेप करावा लागत असल्याने चित्र किंचित् मागाहून येते. व्याख्यानास ते चालते, खेळास चालत नाही.

दुसरीत संगणक किंवा मोबाइल केवळ पत्ता सांगतो आणि दूरचित्रवाणी स्वतः बाहेरच्या जाळ्यातून चित्र आणते. २०१३ मध्ये निघालेल्या क्रोमकास्ट या लहान उपकरणाने ही पद्धती लोकप्रिय केली. हीत चित्र स्वच्छ येते आणि मोबाइल बाजूस ठेवता येतो. मात्र बाहेरच्या जाळ्याचा खर्च होतो. ५ मेगाबिटांनी एक तासात सुमारे २.२५ गिगाबाइट खर्च होतात, हे वाचकाने स्वतः गुणून पाहावे.

तिसरीत संगणक ग्रंथपाल होतो. त्यात साठविलेल्या चित्रफितींची यादी डीएलएनए या पद्धतीने दूरचित्रवाणीवर दिसते आणि रिमोटने हवी ती निवडता येते. चित्रफीत आधीच संक्षिप्त असल्यामुळे संगणकास श्रम पडत नाहीत. जेथे बाहेरचे जाळे मंद किंवा अनियमित आहे, तेथे रात्री किंवा सवडीने एकदा धडे उतरवून घ्यावेत आणि दिवसा ते या रीतीने दाखवावेत. एकदाच उतरविलेला धडा शंभर वेळा दाखविता येतो.

आणखी एक बारकावा आहे. संगणकही बिनतारी आणि संचही बिनतारी असेल, तर प्रत्येक अंक हवेतून दोनदा प्रवास करतो : संगणकापासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून संचापर्यंत. हवा एकच असल्याने एकजण बोलत असता दुसऱ्यास थांबावे लागते. दोहोंपैकी एक जरी यंत्र राउटरला तारेने जोडले, तरी हवेवरील भार निम्मा होतो. चित्र अडखळत असेल, तर अधिक वेगाची वर्गणी भरण्यापूर्वी ही साधी तार जोडून पाहावी.

सुरक्षितता

दोन गोष्टींविषयी दक्षता हवी. पहिली विजेविषयी. दोनखिळी प्लगच्या संगणकाच्या धातूच्या अंगावर कधीकधी सौम्य विद्युत्-दाब असतो आणि गच्चीवरून येणाऱ्या केबलचा दाब निराळा असतो. पहिली जोडणी करताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत, दोन्ही यंत्रांस योग्य भूसंपर्क असलेल्या एकाच पट्टीतून वीज द्यावी आणि वादळात गच्चीकडील तार काढून ठेवावी. झिणझिण्या जाणवल्या, तर "चालायचेच" असे न म्हणता विद्युत्-कारागिराकडून भूसंपर्क तपासून घ्यावा.

दुसरी दक्षता जाळ्याविषयी. लहरी भिंत ओळखत नाहीत. आपले जाळे शेजारच्या घरातही पोहोचते. राउटरसोबत आलेला सांकेतिक शब्द बदलावा आणि २००४ मधील डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ मधील डब्ल्यूपीए-३ हे संरक्षण निवडावे. नव्या यंत्राने जोडणी मागितली असता संचाने आकडा विचारावा, अशी व्यवस्था ठेवावी; एरवी शेजारचे चित्र आपल्या पडद्यावर अवतरावयास वेळ लागत नाही. आरसा-पद्धतीत आपली खासगी पत्रेही सर्वांस दिसतात, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

उपसंहार

सारांश, संच आणि संगणक जवळ असतील, तर तार; व्याख्यान दाखवावयाचे आणि तार पोहोचत नसेल, तर आरसा; बाहेरचे जाळे वेगवान असेल, तर संचास स्वतः चित्र आणू द्यावे; ते मंद असेल, तर घरच्या ग्रंथपालाकडून. यांपैकी कोणत्याही मार्गास नवा संच लागतोच असे नाही. ज्या संचास एचडीएमआयचे छिद्र आहे, तो जुना असला तरी या कामी पुरेसा आहे.

यंत्र विकत घेतले, की ते आपले होते, असे आपण मानतो. वस्तुतः ते काय करू शकते हे आपणांस उमगते, तेव्हाच ते आपले होते. शाळा पुन्हा उघडल्या आहेत. परंतु लहान काचेवर वाकलेली मुले अजून सर्वत्र दिसतात. हा पाठ वाचून संपल्यावर घरातील संचाच्या पाठीमागे एकदा वाकून पाहावे. तेथे एक चपटे, १९ खिळ्यांचे छिद्र बहुधा रिकामेच असेल.